जिन्याखालच्या खोलीचा इतिहास

स्मरणिका समितीने मला ‘आपल्या सोसायटीचा इतिहास’ हा विषय दिला, कारण मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पण नोंदणीपासून मानीव अभिहस्तांतरणापर्यंतची हकिकत आपल्या माजी सेक्रेटरींनी याच अंकात लिहिली आहे. पाण्याच्या टाकीचं आणि लिफ्टचं रामायणही कोणीतरी लिहिलंय. गणेशोत्सवाचे फोटो तर तुम्ही सगळे लेख सोडून आधी पाहिलेच असतील. म्हणून मी समितीला म्हटलं, मला एका खोलीचा इतिहास लिहू द्या. बी विंगच्या जिन्याखालच्या, सहा बाय आठच्या खोलीचा.

“म्हणजे मांजरांचा?” अध्यक्षांनी विचारलं.

“रोगाचा,” मी म्हटलं. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि चार पानं दिली.

नाहूरला आपण राहायला आलो तेव्हा ही खोली वॉचमनसाठी होती. पुढे गेटजवळ नवी केबिन झाली आणि जिन्याखाली रंगाचे डबे, मांडवाच्या दोऱ्या, मोडकी सायकल असा संसार जमला. मांजरं आपल्या आवारात पहिल्यापासून होती. उंदीरही होते. त्या काळात मांजरांबद्दल कोणाची फारशी तक्रार नव्हती. कोणी मासळी साफ केली की काटे मीटर रूमच्या मागे टाकायचं आणि विषय संपायचा.

२०१७ च्या जुलैत, पावसाने लोकल बंद पडल्या होत्या त्या दिवशी, कोणीतरी गेटपाशी एक खोका ठेवून गेलं. आत चार पिल्लं. डोळे उघडलेले, दात नुकते आलेले, म्हणजे महिन्या-सव्वा महिन्याची असावीत. मी निवृत्त, घरात एकटी. तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी रोज अभ्यासाला माझ्याकडे यायची. आम्ही दोघींनी जिन्याखालची खोली रिकामी केली, जुनी साडी अंथरली आणि पिल्लं तिथे ठेवली. घर मिळेपर्यंत सांभाळायची, एवढाच विचार. आता अशा सांभाळणाऱ्यांना ‘फॉस्टर’ म्हणतात. तेव्हा मला हा शब्द माहीत नव्हता.

आठवडाभर सगळं छान चाललं. मग एका सकाळी त्यातलं सगळ्यात धिटुकलं पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं दिसलं. पाणी पीत नव्हतं, नुसतं वाटीवर तोंड धरून बसलं होतं. दुपारी फेस उलटला, संध्याकाळी जुलाब. मला वाटलं, गाईचं दूध बाधलं. दूध बंद केलं. रात्रीतून ते गेलं. दुसऱ्या दिवशी दोघांना उलट्या. तिसऱ्या दिवशी खोलीत एकच पिल्लू जिवंत होतं.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला आठ वर्षं लागली. तीन पिल्लं तीन दिवसांत गेल्यावर मी ठरवून टाकलं की कोणीतरी विष घातलं. आणि ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हेही ठरवलं. तळमजल्यावरचे काका. त्यांना मांजरं आवडत नसत, त्यांच्या स्कूटरच्या सीटवर नखांचे ओरखडे होते आणि “ही ब्याद बाहेर सोडून या” असं ते दोनदा सगळ्यांसमोर बोलले होते. मी त्यांना लॉबीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत विचारलं, “काका, काय घातलंत तुम्ही पिल्लांना?” ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि दार लावून घेतलं. मला ते कबुलीसारखं वाटलं! पुरावा कशाला म्हणतात हे मी चौतीस वर्षं पोरांना शिकवत होते.

मी खोली फिनेलने धुतली. एकदा नाही, तीनदा. बी विंगमध्ये चार दिवस फिनेलचा वास होता आणि मला वाटत होतं, आता खोली रुग्णालयासारखी झाली.

सप्टेंबरात स्टेशनजवळच्या एका भाजीवालीने पाच पिल्लं दिली. आई गाडीखाली आली होती. मी ती त्याच खोलीत ठेवली. त्याच साडीवर, धुतलेली होती म्हणून. पाचव्या दिवशी एक पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं.

या वेळी मी त्याला पिशवीत घालून मुलुंडच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपल्याची ती खूण. मग रक्त तपासलं आणि मला विचारलं, “आधीची पिल्लं गेली, ती कुठे ठेवली होती?”

“ह्याच खोलीत. पण मी खोली फिनेलने धुतली होती.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “बाई, हा पॅनल्युकोपेनिया आहे. याच्यावर फिनेलचा भरवसा नाही. आणि फिनेल मांजराला स्वतःच विषारी.”

म्हणजे त्या खोलीत मांजरांना घातक वस्तू कोणी आणली असेल, तर ती मी. पाचातली चार पिल्लं गेली. ती सातवीतली मुलगी शेवटच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आईने त्यानंतर दोन वर्षं जिन्यात माझ्याशी बोलणं टाळलं, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं.

इथून माझा अभ्यास सुरू झाला. इतिहासाच्या बाईला दुसरं येतं काय? मी वाचायला बसले.

पॅनल्युकोपेनिया म्हणजे सरळ भाषेत, रक्तातल्या सगळ्या पांढऱ्या पेशींचा दुष्काळ. हा विषाणू शरीरात जिथे जिथे पेशी भराभर वाढत असतात तिथे घुसतो. आतड्याचं अस्तर आणि हाडांमधला मगज हे त्याचे दोन मुख्य बळी. अस्तर गेलं की उलट्या-जुलाब, मगज गेला की रोगाशी लढणारं सैन्य नाही. पिल्लाचं सगळं अंगच वाढत असतं, म्हणून पिल्लं आधी जातात. मांजरीला गाभण असताना तो झाला तर जन्मणारी पिल्लं पुढे आयुष्यभर डुलत, अडखळत चालतात, कारण तोल सांभाळणारा लहान मेंदू नीट वाढलेला नसतो. ए विंगमागची ती वाकडी चालणारी मांजरी आठवते? तिला आपण ‘दारूडी’ म्हणायचो. मला आता वाटतं की तिचं तेच झालं असावं.

पूर्वी लोक या रोगालाही विषप्रयोगच समजत. धडधाकट मांजर सकाळी ठीक आणि रात्री मेलेलं, मग दुसरं काय सुचणार? १९२८ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्ज आणि क्रिस्टोफोरोनी या दोघांनी दाखवलं की जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही हा रोग पार होतो, म्हणजे तो विषाणूचा आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत हॅमन आणि एंडर्स यांनी पांढऱ्या पेशी कशा नाहीशा होतात त्याचं वर्णन केलं. यातले एंडर्स म्हणजे ज्यांना पुढे १९५४ मध्ये पोलिओच्या विषाणूवरच्या कामासाठी नोबेल मिळालं ते. म्हणजे मी काकांवर आरोप केला तेव्हा खऱ्या आरोपीचं नाव नोंदवून जवळजवळ नव्वद वर्षं झाली होती.

पण माझी झोप उडवली ती दुसऱ्या माहितीने. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण नसतं. ज्या विषाणूंना असतं ते साबणाने, साध्या औषधांनी फुटतात. हा फुटत नाही. फरशीच्या भेगेत, खोक्यात, कापडात, चपलेच्या तळव्याला तो महिनोन्महिने, एक वर्षापर्यंतसुद्धा टिकू शकतो. मांजराला मांजर भेटायचीही गरज नाही. माणसाचे पाय पुरतात. माझे पाय, त्या मुलीचे पाय. माणसाला मात्र हा रोग होत नाही, हे इथे ठळक सांगते, कारण नंतरच्या गोंधळात सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. मांजराकडून माणसाला गजकर्ण होऊ शकतं. हा रोग नाही.

हे वाचताना मला माझा नववीच्या वर्गातला एक धडा राहून राहून आठवत होता. मुंबईचा प्लेग.

माणसांच्या मरणाची आणि पिल्लांच्या मरणाची बरोबरी मी करत नाही. पण चूक कशी होते, याचा नमुना तोच होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. मग सरकार आणि महापालिका जोरात कामाला लागली. गटारं, मोऱ्या कार्बोलिक ॲसिडने धुतल्या. घरांना चुना फासला, उजेड यावा म्हणून कौलं काढली, सामान रस्त्यावर आणून जाळलं. जी घरं राहण्यालायक नाहीत असं ठरलं त्यांच्या भिंतींवर इंग्रजी अक्षरं रंगवली. त्या वेळची समजूत अशी की रोग घाणीत आहे, दमट जमिनीत आहे, वासात आहे. कार्बोलिकचा वास आला की सरकारला वाटे, काम झालं. बी विंगमध्ये मला वाटलं होतं अगदी तसंच!

शत्रू मोरीत नव्हताच. तो उंदराच्या अंगावरच्या पिसवेत होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ते दाखवलं, पण बऱ्याच जणांना पटलं नाही. १९०५ पासून परळला पुन्हा नव्याने तपास झाला. शीव, वडाळा, परळ, वरळी ही तेव्हाची गावं. तिथले उंदीर गोळा करून तपासले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. उघड्यावर ठेवलेल्यांना पिसवा चावल्या आणि प्लेग झाला; पिसू शिरणार नाही इतक्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले शेजारीच राहून वाचले. हवा तीच, घर तेच, वास तोच. फरक फक्त जाळीचा. शाळेत हे शिकवताना मी दोन डबे आणि पिठाची चाळणी घेऊन जायची. मुलांना ते फार आवडायचं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी फिनेलची बाटली उचलली.

प्लेगच्या धड्यात दुसरीही एक गोष्ट आहे. संशयित रोग्याला घरातून उचलून नेत. बायकांची तपासणी परके पुरुष करत. लोकांना कोणी काही समजावून सांगितलं नाही. दवाखान्यात नेऊन मारतात अशा अफवा उठल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईतून लाखो लोक पळाले, आणि त्यांच्याबरोबर रोगही गाड्यांतून, गलबतांतून गावोगावी गेला. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची संख्या घटली, असं मुंबईत फार कमी वेळा झालंय.

त्या वर्षीची आपली विशेष सर्वसाधारण सभा ज्यांना आठवते त्यांना कळेल मी हे का लिहिते आहे. ऑक्टोबरचा रविवार, गच्चीवर. विषय क्रमांक एक : आवारातील मांजरांचा बंदोबस्त. बातमी फुटली होती की खोलीत ‘व्हायरस’ आहे. कोणी म्हणालं मुलांना होईल, कोणी म्हणालं टाकीच्या पाण्यात गेला असेल. ठराव असा आला की सगळी मांजरं, तेव्हा आवारात अकरा होती, पोत्यात भरून लांब खाडीच्या बाजूला नाहीतर एखाद्या मासळी बाजारात सोडून द्यावीत. एका सभासदाने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याची आठवण करून दिली. त्यावर दुसरे म्हणाले, “कायदा काय आमच्या नातवंडांना सांभाळणार?”

मी उभी राहिले आणि आधी काकांची माफी मागितली. सगळ्यांसमोर आरोप केला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. विष नव्हतं, रोग होता. पहिला खोका कुठून आला माहीत नाही, पण दुसरी पाच पिल्लं रोगाच्या तोंडी मी दिली. गच्चीवर एकदम शांतता झाली. मग मी सांगितलं की ही अकरा मांजरं बाजारात सोडली तर रोग इथून जाणार नाही, तो फरशीत आहे. मात्र तो बाजारातही जाईल. प्लेगच्या वेळी मुंबईकरांनी हेच केलं.

खरं सांगायचं तर माझ्या बोलण्याने कोणी विरघळलं नाही. लोक चुळबुळ करत होते. बोलले ते काका.

काका निवृत्त झाले होते ते महापालिकेच्या भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून. हे मला शेजारी राहून सतरा वर्षं माहीत नव्हतं! अर्ध्या मुंबईला पाणी पाजणाऱ्या ठिकाणी त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि क्लोरीन म्हणजे त्यांच्या घरचं माणूस. ते बसूनच म्हणाले, “मला मांजरं आवडत नाहीत. पण मुद्दा मांजरांचा नाहीये, फरशीचा आहे. डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय?”

मी कागद वाचला : घरगुती ब्लीच एक भाग, पाणी बत्तीस भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं.

“बरोबर,” काका म्हणाले. “पण बाई, क्लोरीन घाणीवर फुकट जातं. आधी घाण काढायची, साबणाने घासायचं, पाण्याने धुवायचं, मग क्लोरीन. आणि कालवून ठेवलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, त्याचा जोर उतरतो. फिनेलमध्ये किंवा ॲसिडमध्ये तर मिसळायचंच नाही, वायू होतो. आणि खोलीतलं लाकूड, कापड, पुठ्ठा सगळं बाहेर. त्यात शिरलेलं तुम्ही कसं धुणार?”

सभेचा रंग तिथे बदलला. ज्यांना मांजरं नको होती तेही ऐकू लागले, कारण बोलणारा माणूस त्यांच्या बाजूचा होता. ठराव बदलून झाला : खोली साफ करायची, आवारातल्या मोठ्या मांजरांचं लसीकरण आणि नसबंदी करायची, आणि एक वर्षभर त्या खोलीत लस न झालेलं एकही पिल्लू ठेवायचं नाही. खर्च ज्याला द्यायचा त्याने द्यायचा. सोसायटीच्या देखभाल निधीतून एक पैसा नाही. त्या शेवटच्या वाक्यावर तीन जण अडून बसले होते, म्हणून ते तसंच कार्यवृत्तात आहे.

पुढच्या रविवारी काका स्टुलावर बसले आणि आम्ही पाच जणांनी खोली घासली. पोपडे आलेली भिंत खरवडली, भेगा सिमेंटने बुजवल्या, खाली टाइल लावली. साडी, खोके, दोऱ्या, सगळं बांधून टाकलं. काकांनी मगाने मोजून पाणी कालवलं. घड्याळ लावून दहा मिनिटं. मला त्या वासाने खोकला येत होता आणि ते म्हणत होते, “खिडकी उघडा, खिडकी उघडा. हा फिनेल नाही, याच्याशी मस्ती नको.”

लसीबद्दल दोन शब्द लिहिते, कारण आजही नवीन सभासद विचारतात की एवढ्या सुया कशाला. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून तयार संरक्षण मिळतं. ते आठवड्या-आठवड्याने उतरत जातं. जोवर ते अंगात आहे तोवर लसही टिकत नाही, आईचं संरक्षण लसीलाच शत्रू समजून संपवतं. आणि ते नेमकं कधी उतरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे उलटेपर्यंत लस पुन्हा पुन्हा देतात. मधली फट जितकी लहान ठेवता येईल तितकी. आमची दोन्ही वेळची पिल्लं नेमकी त्या फटीत सापडली होती.

हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ ला स्वतःची प्लेगची लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली, हे आपण शाळेत शिकलो. त्यांची परळची प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून उभी आहे. त्याच परळला जनावरांचं मोठं रुग्णालय आहे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं, आणि मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये तिथेच सुरू झालं. नाहूरहून स्लो लोकलने गेलात तर परळला उतरून दोन्ही पाहता येतील. माणसांची लस आणि जनावरांचा दवाखाना एकाच भागात, याचं मला नेहमी बरं वाटतं.

प्लेगच्या इतिहासात मांजरंही आहेत, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातली. अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास गावोगावी मांजरांची मोजदाद करून असं मांडलं की जिथे घरोघर मांजरं आहेत तिथे प्लेग कमी, कारण उंदीर कमी. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं घेता येणार नाही, कारण मांजरालाही प्लेग होतो. पण मांजर मोजायला निघालेला सरकारी डॉक्टर माझ्या डोळ्यांसमोर येतो, तेव्हा आपल्या सभेतलं ते ‘अकरा’ मला आठवतं.

पुढच्या पिल्लांसाठी आम्ही जी पद्धत बसवली ती आजही चालू आहे. नवीन आलेलं पिल्लू चौदा दिवस वेगळं, कारण रोग अंगात असेल तर बहुधा त्या मुदतीत बाहेर पडतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकत्र नाहीत, कितीही गोड दिसली तरी. खोलीची चप्पल खोलीतच. आधी निरोगी पिल्लांचं आवरायचं, आजारी असेल त्याचं शेवटी; उलट कधीच नाही. वाटी पाण्याची असो की मातीची, बाहेर न्यायची नाही. आजारातून वाचलेलं पिल्लू सहा आठवड्यांपर्यंत रोग पसरवू शकतं, म्हणून तोवर कोणाकडे द्यायचं नाही. उलटी दिसली तर ‘उद्या पाहू’ नाही. त्याच संध्याकाळी दवाखाना. या रोगावर नेमकं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून प्रतिजैविक आणि ऊब, एवढ्यावर शरीराला चार-पाच दिवस तगवायचं असतं. त्यात पहिले काही तास हातचे जाता कामा नयेत.

‘दिसली दया की उचल पिल्लू’ हा माझा मूळ स्वभाव, त्याला यातल्या प्रत्येक गोष्टीने त्रास होतो. २०१९ मध्ये एका बाईंनी भर पावसात तीन पिल्लं आणली, खोलीत आधीच चार होती आणि त्यांचा नववा दिवस चालू होता. मी नाही म्हटलं. त्या मला दगडाच्या काळजाची म्हणाल्या. शेवटी ती तीन पिल्लं ए विंगमधल्या एका वहिनींच्या बाथरूममध्ये राहिली आणि वहिनींच्या घरचे चौदा दिवस माझ्या घरी आंघोळीला येत होते.

मग २०२० आलं. त्याबद्दल या अंकात दुसऱ्यांनी लिहिलंय. मी एवढंच नोंदवते की मार्चच्या अखेरीस चौदा दिवस, वेगळी चप्पल, बाहेरचं सामान बाहेरच, हे शब्द जेव्हा सगळ्या मुंबईला नवे होते तेव्हा आपल्या बी विंगमध्ये ते जुने होते. तळमजल्यावरच्या दारात पायपुसणं आणि क्लोरीनची बादली काकांनी पहिल्याच आठवड्यात ठेवली. वास्तविक त्या विषाणूला चरबीचं आवरण असल्याने तो साबणानेही मरत होता, पण काकांना कोण सांगणार? एका घरात बाधा झाली तेव्हा त्या घराचं दार सील करा म्हणणारे होतेच. काकांनीच त्यांच्या दाराशी रोज सकाळी दूध ठेवलं.

काका २०२२ च्या डिसेंबरात गेले. मांजरं त्यांना शेवटपर्यंत आवडली नाहीत. स्कूटरच्या सीटवर त्यांनी जाड रेक्झिन बसवून घेतलं होतं.

खोलीत आता एक वही आहे. किल्लीसकट ती गेटवरच्या केबिनमध्ये असते. पिल्लू कधी आलं, कुठून आलं, वजन, लसींच्या तारखा, कुठे गेलं. वही काकांनीच सुरू करायला लावली. पाणीखात्यात म्हणे रोजची नोंद नसेल तर तो दिवस झालाच नाही असं धरतात. पहिली नोंद डिसेंबर २०१८ ची आहे आणि आजवर वहीत त्रेपन्न पिल्लं आहेत. त्यातली सत्तेचाळीस घरोघरी गेली. आपल्याच सोसायटीत सहा आहेत, त्यातलं एक अध्यक्षांच्या घरी. पाच पिल्लं आम्ही गमावली, तीन या रोगाने आणि दोन इतर कारणांनी. एक अजून खोलीत आहे, त्याचा आज अकरावा दिवस.

वहीचं पहिलं पान मी तेव्हा कोरं सोडलं होतं. समितीने चार पानं दिलीच आहेत, तर ती नोंद इथे करते. जुलै २०१७ : गेटपाशी खोक्यात चार पिल्लं, लस नाही, वेगळी ठेवली नाहीत, तीन गेली. सप्टेंबर २०१७ : स्टेशनवरून पाच पिल्लं, तीच खोली, फिनेल, चार गेली. राहिलेली दोन सध्या माझ्याकडे आहेत. दोघांचं वय आठ वर्षं. मोठा पांढरा, धाकटी करडी. तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी आता पुण्याला शिकते; दिवाळीत आली की करडीला मांडीवर घेऊन बसते.